सुताचे मोल

इ. स. १८२८ च्या जानेवारी महिन्यात बंगालमधील श्रीरामपूर येथून निघणाऱ्या ‘समाचार दर्पण’ या वृत्तपत्रात एक पत्र छापून आले. पत्राखाली नाव नव्हते. शांतिपूरची एक दुःखी सूत कातणारी, एवढीच लेखिकेची ओळख त्यात होती. वयाच्या बाविसाव्या वर्षी ही बाई विधवा झाली. पदरात तीन मुली, घरात वृद्ध सासूसासरे, आणि नवऱ्याने मागे काहीच ठेवले नव्हते. अंगावरचे दागिने मोडून तिने त्याचे श्राद्ध उरकले. उपासमारीची वेळ आली तेव्हा चरखा आणि टकळी यांचा तिला आधार सापडला. सकाळची झाडलोट आटोपली की दुपारपर्यंत चरखा. मग स्वयंपाक, सर्वांची जेवणे. आणि त्यानंतर बारीक सुतासाठी टकळी. दिवसाकाठी तोळाभर सूत निघे. विणकर घरी येऊन ते रुपयाला तीन तोळे या भावाने घेऊन जात, आणि मागितली तर उचलही देत. या सुताच्या जोरावर तिने जातीच्या रीतीत कोठेही उणे न पडू देता तिन्ही मुलींची लग्ने केली. सासरा वारला तेव्हा त्याच्या श्राद्धाला ४४ रुपये खर्च केले. विणकरांकडून घेतलेली ती रक्कम दीड वर्षात फेडूनही टाकली.

पत्र लिहिले गेले त्याच्या तीन वर्षे आधीपासून विणकरांचे येणे बंद झाले होते. सूत बाजारात धाडले तरी पूर्वीच्या चौथाई किमतीलाही ते खपेना. चौकशी करता कळले की विलायती सूत येऊ लागले आहे आणि विणकर तेच घेतात. आपल्या सुताची सर विलायती सुताला यावयाची नाही, असा तिला अभिमान होता. तिने ते सूत मिळवले, पारखले, आणि ते आपल्या सुताहून सरस असल्याचे प्रांजळपणे मान्य केले. त्याचा भाव मात्र शेराला तीन-चार रुपये! तेव्हा तिने कपाळावर हात मारला, पण तो केवळ स्वतःच्या दैवाला दोष देण्यासाठी नव्हे. विलायतेत सारे लोक श्रीमंत असतात अशी तिची समजूत होती. इतके सुरेख सूत इतक्या कवडीमोलाने परमुलखात धाडावे लागते, त्या अर्थी तेथे आपल्याहूनही दरिद्री बायका असल्या पाहिजेत, असे तिला वाटले. पत्राचा शेवट तिने त्या बायकांना उद्देशूनच केला आहे. असे सूत इकडे पाठवणे न्यायाचे आहे की नाही, हे त्यांनी आपल्या मनाशी ठरवावे, एवढीच तिची विनंती होती.

हे पत्र तिने स्वहस्ते लिहिले की कोणाकडून लिहवून घेतले, हा प्रश्न गौण आहे. यंत्रयुग या देशाच्या उंबरठ्यावर येऊन ठेपले त्या क्षणाची इतकी नेमकी साक्ष क्वचितच कोठे सापडेल. सूत म्हटले की ते कोणा बाईच्या बोटांतून निघालेले असावयाचे, यापलीकडची कल्पनाच तिच्या मनाला शिवत नाही. एका कारागिराने दुसऱ्या कारागिराचा माल पारखावा तशी ती विलायती सूत पारखते आणि गुणाला गुण म्हणते. हातच्या सुताचा अभिमान आणि हातच्या सुताचा भाव या दोन गोष्टी तिच्या आयुष्यात एकच होत्या. त्या वेगळ्या होऊ शकतात, हे तिला प्रथमच कळत होते. हातसुताचा पुढचा सारा इतिहास या दोन गोष्टींना पुन्हा एकत्र आणण्याच्या धडपडीचा इतिहास आहे.

सूत कातणे ही क्रिया सांगावयास अगदी सोपी आहे. कापसातून सरकी काढावयाची, रुई पिंजून तिचे तंतू मोकळे करावयाचे, त्या रुईचे बोटाएवढे पेळू वळावयाचे, आणि पेळूतून तंतू ओढता ओढता त्यांना पीळ द्यावयाचा. ओढ आणि पीळ यांचा मेळ बसला की सूत होते. ओढ अधिक झाली आणि पीळ कमी पडला तर तार विरतो. पीळ आधीच चढला तर जाडी तशीच राहून जाते. टकळी म्हणजे खाली जडशी चकती असलेली एक सळई. ती बोटांनी भिंगरीसारखी फिरवावयाची. चरख्यात हीच सळई आडवी करून तिला चाती केले आणि माळेने मोठ्या चाकाला जोडले. चाकाचा एक फेरा झाला की चातीचे कितीतरी फेरे होतात. उजवा हात चाकावर आणि पेळू डाव्या हातात. डावा हात हळूहळू मागे जातो, चातीच्या टोकाशी तार लांबत जातो. मग हात उंच करून तो चातीवर गुंडाळावयाचा आणि पुन्हा मागे यावयाचे.

या कामाचे सुख ज्यांनी ते केले आहे त्यांनाच ठाऊक. बोटांना एकदा अंदाज आला की डोळ्यांची फारशी गरज उरत नाही. चिमटीतून तंतू सुटत असताना तो कोठे जाड होऊ पाहतो आहे, कोठे तुटावयाच्या बेतात आहे, हे बोटांनाच कळते, आणि बोटेच ते सावरतात. पेळू संपत आला की दुसरा जोडावयाचा, आणि सांधा कोणाला दाखवता येऊ नये असा जोडावयाचा. तोंडाने गोष्टी चालू असाव्यात, पायाशी मूल खेळत असावे, चुलीवर डाळ शिजत असावी, तरी कातणे चालू राहते. मध्येच उठावे लागले तर उठता येते, आणि परतल्यावर तुटलेला तार पुन्हा सांधता येतो. गृहिणीचा वेळ सलग कधीच नसतो. तो तुकड्यातुकड्यांनी मिळतो. विणकराच्या मागाला हे तुकडे चालत नाहीत. चरख्याला चालतात. विणणे हा ठरावीक जातींचा पूर्णवेळचा धंदा राहिला आणि कातणे मात्र बहुतेक सर्व जातींच्या घरांत पसरले, याचे एक कारण यातच असावे.

हे काम या भूमीत किती जुने आहे? मोहेंजोदडोच्या उत्खननात एका चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेले वस्त्राचे अवशेष हाती लागले. त्यांची परीक्षा मुंबईत माटुंगा येथील कापूस प्रयोगशाळेत गुलाटी व टर्नर या दोन शास्त्रज्ञांनी केली आणि ते अस्सल कापसाचेच असल्याचा निर्वाळा १९२८ मध्ये दिला. महाराष्ट्रात नेवासे येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी केलेल्या उत्खननात एका बालकाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. तिच्यातील दोऱ्याचा अंश मण्यांत टिकून राहिला होता. प्रवरेच्या काठी तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कोणीतरी टकळी फिरवून तो दोरा काढला असला पाहिजे.

पुढे राज्यसंस्था उभी राहिली तेव्हा तिचे लक्ष या कामाकडे गेल्यावाचून राहिले नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूत्राध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. विधवा, अपंग स्त्रिया, संन्यासिनी, देवळाच्या सेवेतून निवृत्त झालेल्या देवदासी अशा निराधार स्त्रियांकडून त्याने सूत कातवून घ्यावे आणि सुताचा बारीकपणा, जाडेपणा व मध्यमपणा पाहून मजुरी ठरवावी, असे तेथे सांगितले आहे. ज्या स्त्रिया घराबाहेर पडत नाहीत त्यांना दासींमार्फत सन्मानाने काम पोहोचवावे. ज्या स्वतः पहाटे सूत्रशाळेत येतील त्यांच्याशी देवघेव करताना दिवा लावावा तो सूत पाहण्यापुरताच. त्या दिव्याच्या उजेडात अधिकाऱ्याने बाईचे तोंड न्याहाळले किंवा कामाखेरीज दुसरे बोलणे काढले तर त्याला दंड. मजुरी वेळेवर न दिली तरी दंड. मानवी स्वभावाची, आणि विशेषतः सरकारी अधिकाऱ्याच्या स्वभावाची, एवढी जाणकारी आजच्या नियमावल्यांतही आढळत नाही. मात्र मजुरी घेऊन काम न करणाऱ्या स्त्रीसाठी त्याच प्रकरणात अंगठा व तर्जनी तोडण्याची शिक्षा सांगितली आहे, हेही विसरता कामा नये.

कौटिल्याच्या काळी कातण्याचे साधन टकळी हेच असावे. चाकाचा चरखा पुष्कळ उशिरा आला. त्याच्या जुन्यात जुन्या निर्विवाद भारतीय उल्लेखांपैकी एक दख्खनमध्ये लिहिलेल्या ग्रंथात आहे. महंमद तुघलकाने दिल्लीची वस्ती देवगिरीला हलवली त्या वेळी इसामी नावाचा एक तरुण त्या लोंढ्याबरोबर दौलताबादेला आला. त्याचा वृद्ध आजोबा वाटेतच वारला. पुढे बहामनी सुलतानाच्या आश्रयाला राहून १३५० मध्ये या इसामीने फारसी भाषेत एक दीर्घ इतिहासकाव्य रचले. त्यात रझिया सुलतानेवर टीका करताना त्याने म्हटले आहे की, बाईने सिंहासनावर न बसता चरख्यापाशी बसावे हेच बरे. टीका अनुदार आहे. पण तिच्यामुळे एक गोष्ट निश्चित कळते. चौदाव्या शतकाच्या मध्यावर चरखा एवढा घरोघरी झाला होता की, स्त्रीची जागा दाखवून देताना त्याचे नाव सहज तोंडी यावे. गुजरातीत चरख्याला रेंटियो म्हणतात. मराठीतील रहाट त्याचाच भाऊबंद.

टकळी मात्र चरख्याने हटली नाही. अत्यंत बारीक सुताचे काम तिच्याकडेच राहिले. ढाक्याच्या मलमलीचे सूत टकळीवरच निघे. त्यासाठी कापूस पिंजावयाचे काम धनुष्याने सुरू होत नसे. बोआल माशाच्या जबड्याचे बारीक दात फणीसारखे वापरून कापूस प्रथम विंचरीत. टकळीचे टोक शिंपल्याच्या तुकड्यावर टेकवून ती फिरवावयाची. हवा दमट असेल तेव्हाच तार तग धरतो, म्हणून पहाटे दव सुकण्यापूर्वी आणि नंतर संध्याकाळी कातावयाचे. डोळे आणि बोटे तरुण असेपर्यंतच हे काम जमे. ढाक्याची ही हकिगत जेम्स टेलर नावाच्या इंग्रज डॉक्टराने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लिहून ठेवली. तोवर हे कसब जवळजवळ लयाला गेले होते.

सामान्य सुताची स्थिती निराळी होती. फ्रान्सिस बुकॅनन याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कंपनी सरकारसाठी बिहारची पाहणी केली. पाटणा शहर व बिहार जिल्हा मिळून सूत कातणाऱ्या स्त्रियांची संख्या त्याने ३,३०,४२६ अशी दिली आहे. त्यांपैकी बहुसंख्य स्त्रिया फक्त दुपारी काही तास कातीत, आणि कापसाची किंमत वजा जाता सरासरी वर्षाला सव्वातीन रुपये त्यांच्या पदरी पडत. ही रक्कम अगदीच अल्प, हे उघड आहे. चरख्याचे गोडवे गाताना पुष्कळांना या सव्वातीन रुपयांचा विसर पडतो. तथापि ते रुपये बाईच्या हातचे होते, आणि त्यासाठी तिला घर सोडावे लागत नव्हते. वाईट वर्षात घरात सव्वातीन रुपये असणे आणि नसणे यात काय अंतर असते, ते शांतिपूरच्या बाईने लिहूनच ठेवले आहे.

तिचा विलायतेतील बायकांविषयीचा तर्क अगदीच चुकीचा नव्हता. तो पन्नास वर्षे उशिराचा होता. इंग्लंडच्या खेड्यांतही स्त्रिया चरख्यावर सूत कातून संसाराला हातभार लावीत. हारग्रीव्ह्जने १७६४ च्या सुमारास अनेक चात्यांचे यंत्र तयार केले तेव्हा शेजारपाजारच्या लोकांनी त्याच्या घरात शिरून ती यंत्रे मोडली. पुढे १७७९ मध्ये क्रॉम्प्टनचे ‘म्यूल’ आले. या यंत्राने बारीक आणि मजबूत सूत निघू लागले, त्याला वाफेची जोड मिळाली, आणि लँकेशायरच्या खेड्यांतील चरखे थंडावले. शांतिपूरला जे सूत पोहोचले ते या गिरण्यांचे. ज्या बायकांना उद्देशून तिने विनंती केली त्यांचा चरखा तिच्याही आधी बंद पडला होता.

त्यानंतरच्या ८०–९० वर्षांत भारतातील हातकताई पूर्णपणे नाहीशी झाली असे नाही, पण ती शहाण्यासुरत्या लोकांच्या नजरेआड गेली. याचे सर्वांत बोलके उदाहरण खुद्द गांधीजींचे आहे. १९०९ साली ‘हिंद स्वराज्य’ लिहून हातमागाचा पुरस्कार करणाऱ्या या पुरुषाने तोवर चरखा किंवा माग पाहिल्याचे आपल्याला आठवत नाही, असे आत्मकथेत स्पष्ट लिहून ठेवले आहे. अहमदाबादेजवळच्या आश्रमात माग बसले, परंतु त्यांवर विणावयाचे सूत गिरणीचे होते. चरखा कोठे मिळतो आणि तो चालवावयास कोण शिकवील, हे सांगणारा कोणी भेटेना. १९१७ मध्ये भडोच येथील शिक्षण परिषदेत गंगाबेन मजमुदार या विधवा बाईंशी त्यांची गाठ पडली. त्या धाडसी होत्या, घोड्यावर बसून एकट्या हिंडत. त्यांनी गुजरात पालथा घातला आणि अखेरीस बडोदे संस्थानातील विजापूर येथे चरखे शोधून काढले. ते घरांच्या माळ्यांवर अडगळीत पडले होते. गावातील बायकांनी ते खाली काढण्याची तयारी दाखवली, मात्र दोन अटी घातल्या: पेळू नियमाने मिळाले पाहिजेत आणि सूत नियमाने विकत घेतले गेले पाहिजे. चरख्याच्या अध्यात्मावर पुढे पुष्कळ लिहिले गेले. विजापूरच्या बायकांनी मात्र प्रथम व्यवहार विचारला.

आरंभीचे पेळू मुंबईच्या उमर सोबानींच्या गिरणीतून आले. हे गांधीजींना खटकू लागले तेव्हा गंगाबेननी एक पिंजारी मिळवून त्याला ३५ रुपये दरमहा पगारावर ठेवले. पहिल्या खादीला वाराला १७ आणे खर्च आला. तिचा पन्हा अवघा ३० इंच होता. महिन्याभरात ४५ इंच पन्ह्याचे धोतर मिळाले नाही तर आखूड धोतर नेसून राहीन, असा निरोप गांधीजींनी धाडला, आणि गंगाबेननी मुदतीत धोतर पाठवून तो प्रसंग टाळला. याच सुमारास मुंबईत मणिभवनात गांधीजी आजारातून उठत होते. त्यांच्या खोलीत चरखा आला. त्याच्या गुणगुणण्याचा आपल्या प्रकृतीला मोठा गुण आला, असे ते लिहितात, आणि तो गुण शरीरापेक्षा मनाला अधिक आला असेल, हेही लगेच कबूल करतात. पुढे येरवड्याच्या तुरुंगात असताना दोन चाके एका पेटीत घडी घालून बसवता येतील अशी रचना सिद्ध झाली. प्रवासात सहज नेता येणारी ही पेटी ‘येरवडा चक्र’ या नावाने देशभर पसरली. पुण्याच्या त्या कारागृहाचे नाव एवढ्या सुखद वस्तूला मिळावे, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावयाचा.

सुख आणि भाव यांचा प्रश्न आता नव्या रूपाने पुढे आला. आश्रमवासीयांना आणि शहरातील कार्यकर्त्यांना कातण्यात जे समाधान मिळत होते ते खरे होते. परंतु त्यांच्या पोटाचा प्रश्न त्या सुतावर अवलंबून नव्हता. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसने सभासदत्वासाठी दरमहा २,००० वार सुताची अट घातली. ज्याला स्वतः कातावयाचे नसेल त्याने दुसऱ्याचे सूत द्यावे, अशी सोयही त्यात होती. ही अट वर्षभरही नीट टिकली नाही. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला ती ऐच्छिक झाली आणि कताईचे काम पाहण्यासाठी अखिल भारत चरखा संघाची स्थापना झाली. त्याच महिन्यात रवींद्रनाथांनी ‘मॉडर्न रिव्ह्यू’मध्ये चरख्याच्या पूजेवर सडेतोड लेख लिहिला. तेच ते काम सर्वांनी करीत राहावे यात मनाची वाढ खुंटते, असा त्यांच्या आक्षेपाचा मथितार्थ होता. कवीने कविता सोडून चरखा घ्यावा असे आपले म्हणणे नाही, त्याने दिवसातील अर्धा तास यज्ञ म्हणून द्यावा, असे उत्तर गांधीजींनी दिले. दोघेही आपापल्या जागी थोर. पण या वादात विजापूरची बाई कोठेच नाही, ही गोष्ट लक्षात आल्यावाचून राहत नाही.

तिची आठवण १९२९ मध्ये झाली. चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी मोठ्या मार्मिक आहेत. यंत्र हलके असावे, हाताने किंवा पायाने चालावे. एका स्त्रीला ते आठ तास न थकता चालवता यावे. तेवढ्या वेळात १२ ते २० अंकाचे १६,००० वार सूत निघावे. किंमत १५० रुपयांपेक्षा अधिक नसावी आणि नीट निगा राखल्यास ते २० वर्षे टिकावे. साध्या चरख्यावर तासाला तीनशे-चारशे वार सूत निघते, हे लक्षात घेतले म्हणजे ही मागणी केवढी होती ते कळून येईल. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानेही या स्पर्धेसाठी यंत्र तयार केले. पण बक्षीस कोणाच्याच हाती पडले नाही.

यंत्र मिळेना, तेव्हा दुसरा मार्ग उरला तो मजुरी वाढवण्याचा. १९३५ मध्ये गांधीजींनी संघापुढे हा प्रश्न ठेवला. दिवसभर चरखा चालवून बाईला एक-दोन आणे मिळावेत आणि त्या सुताच्या खादीने शहरातील देशभक्तांनी मिरवावे, ही गोष्ट त्यांना असह्य वाटू लागली होती. कातणाऱ्या बहुतेक स्त्रिया स्वतः गिरणीचे कापड नेसत, कारण खादी त्यांना परवडत नव्हती, हे तर त्याहून लाजिरवाणे. आठ तासांच्या कामाला आठ आणे, हे गांधीजींचे उद्दिष्ट. व्यवहारात संघाला त्याच्या पुष्कळच खाली थांबावे लागले. तेवढ्यानेही खादीचे भाव चढले आणि भांडारांच्या चालकांनी कुरकुर केली. वर्ध्याजवळ नालवाडीला विनोबा भावे त्याच सुमारास निराळ्या मार्गाने याच प्रश्नाचा शोध घेत होते. रोज कित्येक तास सूत कातून, कातणारीला मिळणाऱ्या मजुरीत माणूस जगू शकतो काय, हे त्यांनी स्वतःच्या आहारावर पडताळून पाहिले. टकळीवर त्यांचा हात विलक्षण होता, आणि कातण्यात त्यांना ध्यानाचे सुख लाभत होते. त्या सुखाची किंमत अन्नात मोजून पाहावी, हे सुचले मात्र त्यांनाच.

१९४४–४५ मध्ये गांधीजींनी संघाची घडी पुन्हा बदलली. विक्रीसाठी कातण्यापेक्षा स्वतःच्या अंगावरच्या वस्त्रासाठी कातणे हा मुख्य हेतू ठरला, आणि खादी घेणाऱ्याने किमतीचा काही अंश सुताच्या रूपाने द्यावा असा नियम झाला. भांडारातील गिऱ्हाइके यामुळे त्रासली, हे सांगावयास नको. याच विचारधारेतून, १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर, टकळी शाळेत आली होती. स्वातंत्र्यानंतर मूलोद्योग म्हणून तिने मुंबई राज्यातील शाळाशाळांत ठाण मांडले. श्रोत्यांपैकी पुष्कळांनी त्या तासाला टकळी फिरवली असेल, आणि गुंडी पुरी करण्यासाठी घरी आजीची मदतही घेतली असेल. गुणांसाठी कातलेल्या सुताला ना सुख ना भाव, अशी त्या तासाची अवस्था होती. तथापि अनेकांच्या बोटांना तंतू ओढण्याची जी एकमेव ओळख आहे ती त्याच तासाची.

बक्षिसाच्या अटींजवळ जाणारे यंत्र अखेर एका तमिळ कारागिराने, एकांबरनाथन यांनी, १९४९ च्या सुमारास घडवले. त्यालाच पुढे अंबर चरखा हे नाव पडले. त्यात सुधारणा होऊन चार चात्या झाल्या. खादी व ग्रामोद्योग आयोगाने, ज्याची १९५७ मध्ये मुंबईत स्थापना झाली, त्याचा देशभर प्रसार केला. बाईच्या मजुरीत त्यामुळे भर पडली, हे निःसंशय. परंतु हे यंत्र पाहिले म्हणजे एक गोष्ट डोळ्यांत भरते. तंतूंना ओढ देण्याचे काम त्यात लहान रूळ करतात आणि पीळ व गुंडाळणी यांची व्यवस्था गिरणीतील यंत्राच्याच तत्त्वावर बसवलेली आहे. ओढ आणि पीळ यांचा जो मेळ पूर्वी चिमटीत साधावयाचा तो आता लोखंडात साधतो. हाताला उरतो तो दांडा फिरवण्याचा श्रम. मजुरी वाढली ती बोटांतील कसब काढून घेतल्यामुळे, असे म्हटल्यास ते कठोर होईल, पण चूक होणार नाही. चार पैसे अधिक मिळणाऱ्या बाईने या देवघेवीबद्दल तक्रार केली नाही. तशी तक्रार करणारे बहुधा स्वतः कातीत नसत.

२०२१ पर्यंत राष्ट्रध्वजाचे कापड हातसुताचे व हातविणीचेच असले पाहिजे, असा ध्वजसंहितेचा दंडक होता. कर्नाटकात हुबळीजवळ बेंगेरी येथे आणि महाराष्ट्रात नांदेड येथे खादी संस्थांच्या कार्यशाळांत असे ध्वज तयार होत आले आहेत. ३० डिसेंबर २०२१ रोजी संहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावर बनलेल्या व पॉलिएस्टरच्या ध्वजांनाही परवानगी मिळाली. स्वस्त ध्वज त्यामुळे घरोघर पोहोचले, आणि हातसुताची एक हक्काची मागणी गेली.

बोटांनी ओढलेले सूत तरीही अजून निघते. आंध्र प्रदेशातील श्रीकाकुलम जिल्ह्यात पोंदुरू येथे एका चातीच्या चरख्यावर १०० अंकाचे सूत कातणाऱ्या स्त्रिया आहेत. १०० अंक म्हणजे एका रत्तल कापसातून ८४,००० वार, सुमारे ४८ मैल लांबीचा धागा. ढाक्यात बोआल माशाचा जबडा वापरीत. येथे वलुगा नावाच्या माशाचा जबडा काठीला बांधून त्याने कापूस विंचरतात, मग सरकी काढतात, पिंजतात, पेळू वळतात आणि कातावयास बसतात. दिवस मावळेपर्यंत मिळून एखाददुसरी गुंडी होते. कातणाऱ्यांत बहुतेक उतारवयाच्या बायकाच आहेत. गुंड्या साठल्या की त्या खादी संस्थेत न्यावयाच्या. तेथे सुताचा अंक व वजन पाहून मजुरी ठरते, वहीत मांडली जाते, आणि पुढच्या कामासाठी कापूस पुन्हा बाईच्या पदरात पडतो.